विषय : जहाज निवडण्याबाबत

"विषय वाच," अण्णा चष्मा पुसत मला म्हणाले.

मी फाइलीवरचं ठसठशीत अक्षर मोठ्यानं वाचलं. "कुटुंबाच्या समुद्रपर्यटनाकरिता जहाज निवडण्याबाबत."

लॅपटॉपवर सिंगापूरहून बोलत असलेला माझा धाकटा भाऊ दिगू हसायला लागला. "अण्णा, चार दिवस फिरून यायचंय. धरण बांधायचं नाही."

"धरण बांधलं की जागेवर राहतं," अण्णा म्हणाले. "जहाज राहत नाही. म्हणून कागद जास्त लागतात."

अण्णा म्हणजे आमचे वडील, भगवंत आवारे. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं, त्यातली शेवटची बारा हेडक्लार्क म्हणून. निवृत्त होऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती, पण ऑफिस काही त्यांच्या अंगातून गेलं नव्हतं. घरात मिक्सर घ्यायचा तरी तीन दुकानांची पत्रकं यायची, त्यांचा तुलनात्मक तक्ता व्हायचा, आणि तक्ता पुरा होईपर्यंत आई पाट्यावर चटणी वाटत बसायची. आमची भावंडांची भांडणं मिटली की ते म्हणायचे, "प्रकरण नस्तीबद्ध." म्हणजे कागद फाइलीला लावले, दोरी बांधली, आता पुन्हा कुणी उकरायचं नाही. आणि तोंडी बोलण्याला अण्णांच्या लेखी काडीची किंमत नव्हती. दूधवाल्यानं उद्या येणार नाही म्हटलं तरी ते चिठ्ठी मागायचे. मी शाळेत मुलांना मराठी शिकवते. माझ्या निम्म्या शब्दसंपत्तीचं श्रेय या माणसाला आहे आणि निम्म्या डोकेदुखीचंही.

जहाजाचं खूळ निघालं ते आईच्या एका वाक्यावरून. दिगूनं फोनवर सहज विचारलं होतं, "आई, तुला काय बघायचंय?" तिरुपती म्हणेल, काशी म्हणेल, असं आम्हाला वाटलं. आई म्हणाली, "ज्याला काठ न्हाई असं पाणी बघायचंय. तुमच्या अण्णांनी दाखवलं त्या समद्या तलावांना काठ हुता."

खरंच होतं ते. पाटबंधारे खात्यातल्या माणसाशी लग्न करून आईनं अर्धं आयुष्य बार्शीत टँकरची वाट बघत काढलं होतं. दिगूला ते लागलं. येत्या डिसेंबरात सगळ्यांनी सिंगापूरला यायचं आणि तिथून चार दिवस जहाजावर जायचं, असं त्यानं ठरवून टाकलं. खर्च त्याचा, त्याबद्दल कुणी तोंड उघडायचं नाही. अडचण एकच होती. जानेवारीत त्याची बदली कॅनडाला होणार होती आणि आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन फेब्रुवारीत ठरलं होतं. हा डिसेंबर गेला की गेलाच. जहाजाच्या खोल्या एजंटनं तीस सप्टेंबरच्या संध्याकाळी सहापर्यंत धरून ठेवल्या होत्या.

तीन जहाजं होती. 'मार्कीझा' भलतंच खानदानी, झुंबरंबिंबरं असलेलं. 'सिल्व्हर लोटस' तरुणांचं, नाचगाण्याचं. तिसरं 'ब्लू पेलिकन'. त्याच्यावर पोरांसाठी घसरगुंड्या, पोहायचा तलाव, आईच्या गुडघ्यांसाठी लिफ्ट, आणि भाताची आबाळ नाही. माझ्या दहा वर्षांच्या मुक्तानं घसरगुंडी बघताक्षणी निकाल दिला होता. अण्णांनी मात्र आम्हा प्रत्येकाला एकेक कोरा कागद दिला आणि वर लिहिलं, 'अभिप्राय'.

आईनं कागद परत सरकवला. "मी न्हाई लिहीत. मला काय सांगायचं ते मी तोंडानं सांगीन."

"तोंडी चालत नाही," अण्णा म्हणाले.

"मग राहू द्या कोरा."

अण्णांनी तो कोरा कागदही फाइलीला लावला. वर आईचं नाव लिहिलं, 'सौ. कौसल्या', आणि खाली जागा सोडली.

"अण्णा, 'मार्कीझा'वर एक रात्र फॉर्मल असते," दिगूनं सांगितलं. "म्हणजे सूटबूट, टाय, बायकांना गाऊन वगैरे."

अण्णांनी लाल पेन काढलं आणि 'मार्कीझा'वर आडवी रेघ मारली. "पुढचं."

"'सिल्व्हर लोटस'ला पण थोडं तसंच आहे."

दुसरी रेघ. मला बरं वाटलं. म्हटलं, गाडी रुळावर आली.

"मग राहिलं 'ब्लू पेलिकन'," दिगू म्हणाला. "ती कंपनी एकदम कॅज्युअल आहे."

अण्णांचं पेन थांबलं. "निवृत्त माणसाला कॅज्युअल कुठली? ती शिल्लक होती तेव्हाही घेतली नाही मी."

"रजा नव्हे हो अण्णा. कॅज्युअल म्हणजे साधं, घरगुती. कसेही कपडे घाला, कुठंही बसा, कधीही जेवा."

"कसेही म्हणजे कसे?"

"म्हणजे… कसेही."

"ही व्याख्या झाली का?" अण्णांनी तक्त्यात 'पोशाख' या रकान्यासमोर काहीतरी लिहिलं. नंतर मी वाचलं. तिथं लिहिलं होतं, "'कसेही' या शब्दाचा बोध होत नाही. खुलासा मागवावा."

खुलासा कुणी कुणाकडून मागवायचा, ते कळायला मार्ग नव्हता. त्या दिवसापासून अण्णांनी एक नवीन क्रम सुरू केला. रोज अकराला छत्री घेऊन बाहेर पडायचे, चौकातल्या नेट कॅफेत जाऊन बसायचे आणि साडेबाराला जेवायला परत. मी विचारलं की "कामकाज चालू आहे" एवढंच उत्तर. दिगूनं जहाजाची चित्रफीत पाठवली, अण्णांनी ती पाहिली नाही. मी पोशाखाच्या नियमाचं मराठी भाषांतर करून दिलं, तर म्हणाले, "हे जाहिरातीतलं आहे. जाहिरात म्हणजे पत्र नव्हे."

पंचवीस तारीख गेली, सव्वीस गेली. अठ्ठावीसला शाळेतून आले तर आई पाट्याजवळ शेंगदाणे निवडत बसलेली. माझा ताबा सुटला.

"अण्णा, तुम्हाला जायचंच नसेल तर सरळ सांगा. आईला अडकवून ठेवू नका."

"लेखी आलेलं नाही," अण्णा म्हणाले.

"काय लेखी आलेलं नाही? कुणाचं?"

ते उठून अंगणात गेले. मी आईकडं वळले. "तू तरी बोल की. तुझं पाणी आहे ते."

"राहू दे गं," आई म्हणाली. "न्हाई गेलं तर न्हाई. टीव्हीत दिसतंच की पाणी."

तिनं हे इतकं सहज म्हटलं की मला रडू आलं. आई हट्ट करणारी बाईच नव्हती. जन्मात तिनं एक गोष्ट मागितली होती, आणि आमच्या घरात ती टेबलावर फाइलीत पडून होती.

"हे असं का करतात गं?" मी डोळे पुसत विचारलं.

"कपड्याचं निघालं न्हवं? त्यांना ते क्लबातलं जेवण आठवलं आसंल."

क्लबातलं जेवण आमच्या घरातली जुनी गोष्ट होती. मी तेव्हा सातवीत. खात्याच्या मोठ्या साहेबांचा निरोपसमारंभ सोलापुरातल्या एका क्लबात होता, निमंत्रण सपत्नीक. आईनं ठेवणीतलं इरकली लुगडं काढलं, नाकात नथ घातली. दोघं सकाळच्या एस.टी.नं गेले आणि रात्री आले तेव्हा आई उपाशी होती. अण्णांनी आम्हाला सांगितलं, लुगडं नेसलेल्या बायकांना क्लबात सोडत नाहीत, दारवानानं तिला दारातच अडवलं. नंतर पाहुण्यारावळ्यांत हा विषय निघाला की अण्णा तावातावानं बोलायचे, त्या क्लबाला नावं ठेवायचे. पुन्हा कुठल्याही साहेबाच्या जेवणाला ते गेले नाहीत. मला लहानपणी एकच कोडं पडायचं. रस्त्यावरचा दिवा बंद पडला तरी नगरपालिकेला तीन प्रतींत तक्रार देणारा हा माणूस. क्लबाची तक्रार मात्र त्यांनी कधीच केली नाही.

तीस तारखेला मी अर्धी रजा टाकून घरी आले. ती कॅज्युअलच होती. चारला दिगूचा फोन आला. "आक्का, काय ठरलं? एजंट सहाला खोल्या सोडणार आहे."

"तुझे अण्णा छत्री घेऊन गेलेत ते अजून आले नाहीत. जेवलेही नाहीत."

"मी सरळ पेलिकन नक्की करून टाकू का?"

"कर आणि बघ. फाइलीवर सही नसेल तर तुझे अण्णा बार्शीच्या स्टँडावरून हलायचे नाहीत."

पाच वाजले. सव्वापाच झाले. आई आतबाहेर करत होती आणि आपण करत नाही असं दाखवत होती. साडेपाचला फाटक वाजलं. अण्णा जवळजवळ पळत आले. छत्री कॅफेतच विसरली होती. हातात एक छापील कागद, दुमडलेला. ते बसले नाहीत, पाणी मागितलं नाही. उभ्याउभ्याच फाइल उघडली आणि लिहिलं, 'ब्लू पेलिकन या जहाजास मान्यता. तातडीने कार्यवाही व्हावी.' खाली सही, तारीख आणि वेळसुद्धा, पाच वाजून चौतीस मिनिटे.

"लाव फोन दिगूला," ते मला म्हणाले.

"आणि हा कागद कसला?"

"गोपनीय आहे."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. अण्णा तिच्याकडं न बघता म्हणाले, "लुगडी घे चांगली चार. रोज वेगळं नेस."

डिसेंबरात आम्ही निघालो. आईनं चार इरकली घेतली, अण्णांनी चार सदरे आणि फाइल. जहाज पहिल्यांदा बघितलं तेव्हा मुक्ता ओरडली, माझे मिस्टर फोटो काढत सुटले आणि आई म्हणाली, "ह्याला बुडायला पण दोन दिस लागतील," आणि समाधानानं आत चढली.

चढल्यावर तासाभरात भोंगा झाला आणि सगळ्यांना मस्टर स्टेशनवर बोलावलं. संकटाच्या वेळी कुठं जमायचं, त्याची ती तालीम असते. पण मस्टर हा शब्द कानावर पडला मात्र, अण्णा ताठ झाले. मस्टर म्हणजे हजेरीपुस्तक. हेडक्लार्क म्हणून बारा वर्षं सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी त्यांनी ते साहेबाच्या टेबलावर नेऊन ठेवलं होतं आणि उशिरा येणाऱ्यांच्या नावापुढं लाल फुली मारली होती.

"माझं पेन," ते म्हणाले.

"अण्णा, पेन नाही लागत. सही नसते," दिगू म्हणाला.

"मस्टर आहे आणि सही नाही?"

आम्हाला जमवणारी खलाशी पोरगी हातात नावांची यादी घेऊन उभी होती. अण्णा सरळ तिच्यापाशी गेले, यादीकडं बोट दाखवलं, स्वतःचं पेन दाखवलं. तिला काय समजलं कोण जाणे, पण तिनं हसून यादी पुढं केली. अण्णांनी आवारे मंडळींची आठही नावं हाका मारून घेतली. दिगू, त्याची बायको, त्याची दोन पोरं, मी, माझे मिस्टर, मुक्ता, आणि शेवटी "सौ. कौसल्या".

"आता मी दिसत न्हाई का तुम्हाला?" आई म्हणाली.

"हजर म्हणायचं असतं."

"हजर," आई म्हणाली, आणि आजूबाजूची दहाबारा माणसं काही न कळता टाळ्या वाजवायला लागली.

संध्याकाळी, उजेड होता तेव्हाच, आम्ही आईला वरच्या डेकवर नेलं. जमीन केव्हाच मागं पडली होती. आई कठड्याला धरून समोर बघत राहिली. मग एका बाजूला बघितलं, मग दुसऱ्या. मग गुडघे दुखत असतानाही पाय ओढत पलीकडच्या कठड्यापाशी गेली आणि तिकडूनही बघून आली.

"काठ न्हाई," ती म्हणाली.

"नाही आई."

"कुठंच न्हाई." पदर वाऱ्यानं उडत होता, तो तिनं कमरेला खोचला. "किती बाई पाणी हे. आन् एक हंडा भरता यायचा न्हाई." आणि ती पोट धरून हसायला लागली. दिगू हसला, पोरं हसली, मला हसता हसता रडू फुटलं. माझ्या आयुष्यात मी इतकी सुखात क्वचितच होते. अण्णा थोडे बाजूला उभे राहून पाण्याकडं नाही, आईकडं बघत होते.

तिथून आम्ही जेवायला गेलो. जहाजावर खायला ठिकठिकाणी होतं, पण दिगूनं पहिल्या दिवशीचं जेवण मोठ्या भोजनगृहात ठेवलं होतं. उंच काचेचं दार, आत पांढऱ्या चादरींची टेबलं, दारात काळ्या कोटातली एक बाई. आमच्या पुढं अर्ध्या चड्डीतले दोन आजोबा आत गेले, त्यांना कुणी काही म्हणालं नाही. आमची पाळी आली आणि अण्णा एकदम पुढं झाले. त्यांनी खिशातून एक कागद काढला. तोच तो, गोपनीय. बार्शीतून निघायच्या आधी त्यांनी तो प्लास्टिकमध्ये पक्का करून घेतला होता.

बाईनं तो वाचला. मी तिच्या खांद्यावरून डोकावले. वर अण्णांचा प्रश्न होता, कॅफेवाल्याकडून इंग्रजीत करून घेतलेला. 'माझी पत्नी नऊवारी लुगडे नेसते. तिला आपल्या जहाजावरील प्रत्येक भोजनगृहात, प्रत्येक संध्याकाळी, त्याच वेशात प्रवेश मिळेल काय? कृपया होय किंवा नाही असे स्पष्ट कळवावे.' मग तीन स्मरणपत्रं. आणि खाली कंपनीचं उत्तर, तीस सप्टेंबरचं. 'होय. सौ. कौसल्या आवारे यांचं प्रत्येक भोजनगृहात, प्रत्येक संध्याकाळी, त्यांच्या वेशात मनापासून स्वागत आहे.' खाली सही करणाऱ्याचं नाव आणि हुद्दासुद्धा.

बाईनं कागद दोन्ही हातांनी परत दिला आणि विचारलं, यांच्यापैकी सौ. आवारे कोण? आम्ही सगळे बाजूला झालो. तिनं आईला हाताला धरून आत नेलं आणि खिडकीजवळच्या टेबलाशी खुर्ची ओढून दिली. अण्णा दारातच उभे राहिले होते. मी त्यांना दंडाला धरून आणलं.

पोरं घसरगुंडीच्या गप्पांत, दिगू जेवण मागवण्यात गुंतला. अण्णा खाली मान घालून चमचा सरळ करत बसले होते. मग हळूच म्हणाले, "अगं."

"काय?"

"तो क्लबाचा दारवान. त्यानं तुला अडवलं नव्हतं."

आई पदर सारखा करत होती. अण्णांनी चमचा खाली ठेवला.

"त्यानं काही म्हटलंच नव्हतं. साहेबांच्या बायका गाडीतून उतरल्या, ते बघून मीच… मीच तुला म्हणालो, आत सोडत नाहीत, तू इथं बाकावर बस. मी आत जाऊन जेवलो." ते ताटाकडं बघत म्हणाले, "मला लाज वाटली होती. तुझी. आणि मग आयुष्यभर माझी."

 मी आईकडं बघितलं. मला वाटलं, आता हिचं जेवण गेलं.

"ठाऊक हाय मला," आई म्हणाली.

"कधीपासून?"

"त्याच दिवशीपासनं. त्यो दारवान बिचारा मला पाणी घेऊन आला. म्हणला, मावशी, समद्या बाया जेवाय बसल्या, तुम्ही हितं का? चला आत, मी सोडतो."

"मग?" अण्णांनी विचारलं. "मग तू काय म्हणालीस?"

"म्हणलं, माझा आज उपास हाय."

अण्णांचे डोळे भरून आले. एकोणतीस वर्षं ते क्लबाला शिव्या देत होते आणि आई शेजारी बसून मान डोलवत होती.  तेवढ्यात वाढप्यानं भाताचं मोठं भांडं आणून ठेवलं, वाफा निघत होत्या. आईनं बांगड्या मागं सारल्या, काटाचमचा उचलून शिस्तीत बाजूला ठेवला आणि अण्णांकडं बघितलं. ऑफिसातला एक शब्द तिनं कधी तोंडातून काढला नव्हता.

"आता ते प्रकरण नस्तीबद्ध करा," ती म्हणाली, "आन् त्यो भात हिकडं सरकवा. आज उपास न्हाई माझा."

अण्णांनी भात सरकवला. नुसता सरकवला नाही, स्वतःच्या हातानं तिच्या ताटात वाढला. तिनं बोटांनी कालवून पहिला घास घेतला आणि "मीठ कमी हाय" म्हणाली. दिगूनं मीठ आणायच्या निमित्तानं पळत जाऊन डोळे पुसले.

ती फाइल आता माझ्याकडं आहे. मागच्या वर्षी कपाट आवरताना मी ती उघडली. तीन जहाजांचा तक्ता आहे, दोन लाल रेघा आहेत, 'कसेही' या शब्दाचा खुलासा मागवणारा शेरा आहे. आईचा कोरा कागद मात्र कोरा राहिलेला नाही. सौ. कौसल्या या नावाखाली सोडलेल्या जागेत, जहाजावरच्या त्या जेवणाच्या दिवसाची तारीख घालून, जन्मभर लेखीशिवाय काही न मानणाऱ्या माणसानं आपल्या ठसठशीत अक्षरात एकच ओळ लिहिली आहे. 'तोंडी आदेशानुसार नस्तीबद्ध.'